हिरव्या माशीचा पत्ता

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत संडासासमोर एक भिंत होती. तिच्याकडे माझ्याइतकं निरखून कुणी पाहिलं नसेल. कारण साधं आहे. आई आत बसलेली असायची आणि मी बाहेर बादली घेऊन उभी असायचे.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसायला पाच मिनिटं, उठायला दहा, आणि मधलं जे काही असेल ते वेगळं. बायकांच्या सहा संडासांपैकी दोन तुंबून कायमचे बंद होते, एकाला दार नव्हतं, आणि उरलेल्या तिनांतला शेवटचा आमचा ठरलेला. तिथल्या भिंतीचं सिमेंट पडून एक लोखंडी सळई बाहेर आली होती. ती धरून आईला उठता यायचं. बांधणाऱ्याच्या हातून चुकून झालेली ती एकमेव सोय. पण त्या दाराला कडी नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते बाहेरून धरून ठेवायची ड्यूटी माझी, आणि मी कामावर असले की शेजारणीची. माझं मात्र त्या दिवशी कामावरच्या संडासात भागायचं. अकराच्या सुमाराला रांग ओसरली की आम्ही मायलेकी पायऱ्या चढून वर जायचो, आणि वस्तीतल्या बायका म्हणायच्या, चालल्या बघा महाराणी दासी घेऊन.

एकदा ती सळई हातातून निसटली आणि आई मागे पडली. मी आत शिरून तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. लुगडं भिजलेलं, कोपर सोललेलं, आणि बाई अखंड शिव्या देत होती. मला, सरकारला, गुडघ्यांना, आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या बापाला, ज्याने विक्रोळीच्या कारखान्यात उभी हयात काढली आणि तिच्यासाठी घरातला संडास बांधला नाही. मला हसू आलं आणि मग रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहायला घेतला. नवीन शौचालय पाहिजे. त्यात म्हाताऱ्यांसाठी एक कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, आणि आतून लागणारी कडी. अक्षर माझं, सह्या वस्तीतल्या सगळ्या बायकांच्या. मंजुरी यायला चार पावसाळे लागले. तेवढ्या काळात आई आणखी दोनदा पडली.

तर ती भिंत. टेकडी कापून काढलेल्या उघड्या अंगाला जुन्या लोकांनी दगड आणि लाल माती थापून ती उभी केली होती. पावसाळ्यात तिच्यातून दगड सुटायचे. उरलेलं वर्षभर तिच्यावर ऊन पडायचं आणि मातीला बारीक बारीक भोकं असायची. त्या भोकांत एकट्या राहणाऱ्या माश्यांची बिऱ्हाडं होती. यांचं पोळं नसतं, राणी नसते. प्रत्येक बाई आपलं भोक आपण खणते, त्यात पोरासाठी अळ्या भरून ठेवते, तोंड लिंपते आणि मरून जाते. आमच्या वस्तीसारखंच आहे, फक्त रेशनकार्ड नाही.

मला हे ठाऊक असायचं कारण असं की मी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर म्हणजे बरण्या पुसणं, कीटकांच्या पेट्यांत डांबरगोळ्या टाकणं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरचे पोरांच्या बोटांचे ठसे काढणं, आणि चिठ्ठ्या लिहिणं. तीस वर्षं चिठ्ठ्या लिहितेय. टाचणीला टोचलेल्या प्रत्येक किड्याखाली नखाएवढी चिठ्ठी असते: गाव, तारीख, नेमका कुठे सापडला, कुणी पकडला. माझं अक्षर बारीक आणि सरळ, म्हणून सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. पकडणारा म्हणून नाव मात्र नेहमी दुसऱ्याचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी सांगत असे.

आमच्या धंद्यात एकच पाप आहे. चिठ्ठीवर खोटा पत्ता. किडा तुटका असला तर चालतो, नाव चुकलं तर पुढे कुणी सुधारतं, पण पत्ता खोटा असला तर तो किडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. एकदा एका मुलाने मालाडच्या आपल्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पकडलेल्या भुंग्यावर "महाबळेश्वर" लिहायला सांगितलं, परीक्षकावर छाप पडावी म्हणून. मी त्याला म्हटलं, "भुंग्याला तिकीट काढून पाठवलं होतंस का रे?" आणि मालाड लिहिलं. तो माझ्याबद्दल तक्रार घेऊन आमच्या विभागाच्या सरांकडे गेला. सर म्हणाले, मावशी बरोबर आहेत. सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, पण तेही मला मावशीच म्हणतात. कॉलेजात मी झाडूवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्या जगाची मावशी आहे.

त्या रविवारी आई आत होती, मी एका हाताने दार धरून उभी होते, आणि भिंतीसमोर एक हिरवी ठिणगी तरंगताना दिसली.

हिरवी म्हणजे झाडासारखी हिरवी नव्हे. लग्नातल्या शालूवर उजेड पडल्यावर जशी दिसते तशी, कडेला निळी. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. ती एकेका भोकासमोर थांबायची, आत डोकावायची, पुढे जायची. मी ओळखलं. ही कोकीळमाशी. स्वतः खणायचं नाही, शिकार करायची नाही. मालकीण अळी आणायला बाहेर गेली की आत शिरायचं, आपलं अंडं घालायचं आणि चालू पडायचं. पुढे हिचं पोर मालकिणीच्या पोराला खातं आणि त्याचा डबाही खातं. आमच्या पेट्यांत या कुळातल्या पाचसहा माश्या होत्या, सगळ्यांखाली माझं अक्षर, पण जिवंत मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि हिच्या मागच्या टोकाचा आकार मला वेगळा वाटला.

ती एका भोकात शिरली. बाहेर आली की पकडायची, पण कशात? माझ्याकडे एक बादली, एक टमरेल आणि आईने आत जाताना माझ्या हातात दिलेली तिची मिश्रीची डबी. आई संडासानंतर तिथल्याच नळावर मिश्री लावते, ती तिची पन्नास वर्षांची शिस्त. मी दार सोडलं, डबी खाली रिकामी केली आणि भोकाच्या तोंडाला लावली.

दार उघडं पडलं.

"आगं ए भवाने, दार कुठं गेलं?" आतून आई.

"थांब जरा."

"काय थांबू? समद्या वस्तीला दर्शन द्यू का?"

"कुणी नाहीये इथे. माशी पकडतेय."

त्यावर ती म्हणाली, "ल्योक न्हाय, बाळ न्हाय, आता माशा धर."

माशी बाहेर आली ती थेट डबीत. अंग मुडपून तिने गोळी करून घेतली, या कुळाची सवयच आहे. मी झाकण लावलं आणि दार धरलं. त्या दिवशी आईला मिश्री मिळाली नाही आणि दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. माशीला मी रीतसर मारलं. त्याचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, पण मेल्याशिवाय तिचं नाव कळत नाही. त्याच संध्याकाळी मी चिठ्ठी लिहिली: घाटकोपर, मुंबई. सार्वजनिक संडासासमोरची दगडमातीची भिंत. तारीख. आणि खाली पकडणारीचं नाव, माझं. तेवढ्या बारीक अक्षरात मी माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. तीनदा वाचलं आणि मग आपण काय येडपटासारखं करतोय म्हणून पेटी बंद केली.

सोमवारी सरांनी माशी भिंगाखाली घेतली आणि दहा मिनिटं टाचणी इकडून तिकडे फिरवून पाहिली. सर माणूस चांगला. विद्यार्थ्यांवर ओरडत नाहीत, वरिष्ठांना घाबरतात, आणि निवृत्तीआधी आपल्या हातून एखादी नवीन जात सापडावी अशी त्यांची इच्छा आहे, जी त्यांनी कुणाला सांगितलेली नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

"मावशी," ते म्हणाले. "हिच्या अंगावर तांबूस झाक आहे. प्रत्येक खळग्यात. अशी झाक कुठल्याच पुस्तकात नाही."

या माश्यांच्या अंगावर सुईने टोचल्यासारखे खळगे असतात. मी भिंगातून पाहिलं. प्रत्येक खळग्यात तपकिरी काहीतरी चमकत होतं. सर तोवर कपाटातून जाडजूड पुस्तक काढून आले होते, आणि टेबलावर कागद घेऊन त्यांनी तांबूस रंगावरून एखादं लॅटिन नाव जुळवायलाही घेतलं होतं. मी टाचणी नाकाशी नेली आणि वास घेतला.

"सर," मी म्हटलं, "मिश्री आहे."

"काय?"

"मिश्री. तंबाखूची. आईची डबी होती."

सरांनी कागद हळूच उलटा केला. त्यांना इतकं वाईट वाटलं होतं की मला हसता येईना. मग मीच बारीक कुंचला घेतला, दारूत बुडवला, प्रयोगशाळेतल्या दारूत, आणि पाऊण तास बसून एकेका खळग्यातली मिश्री काढली. आईच्या लेकीनेच ते करणं योग्य होतं.

माशी धुतल्यावर खरं काम सुरू झालं. या कुळातल्या जाती रंगावरून कळत नाहीत, सगळ्याच नटव्या असतात. त्यांच्या पोटाच्या शेवटच्या कडेला दात असतात, ते मोजायचे. होय, ढुंगणावर दात. देवाने हे का केलं ते विचारू नये. ओळखायच्या पुस्तकात प्रश्नामागून प्रश्न असतात: दात चार असतील तर अमक्या पानावर जा, सहा असतील तर तमक्या. सर म्हणाले चार. मी म्हटलं पाच. सर म्हणाले, मावशी, मधला तो उंचवटा आहे, दात नव्हे. मी म्हटलं, सर, तुमचा मोतीबिंदू आहे, उंचवटा नव्हे. ते थोडे रागावले, मग त्यांनी खिडकीशी जाऊन उजेडात पाहिलं आणि पाच म्हणाले.

पाचावरून पुढे गेलो तेव्हा पुस्तकात जी जात निघाली तिच्या नोंदी फारच थोड्या होत्या, आणि आपल्या बाजूची तर एकही नव्हती. सरांनी फोटो काढून दुसऱ्या शहरातल्या एका तज्ज्ञांना पाठवले. या गृहस्थांनी आयुष्यभर फक्त याच माश्यांची मागची टोकं मोजली आहेत, आणि त्यांना त्यात आनंद आहे. पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. ओळख बरोबर आहे. नमुना उत्तम स्वच्छ केलेला आहे. कुणी केला?

त्या दिवशी मी घरी येताना आईसाठी खाजा घेऊन आले. ती म्हणाली, पगार वाढला का? मी म्हटलं, नाही, माशी बरोबर निघाली. ती म्हणाली, मग आधी मिश्री आण.

सरांनी शोधनोंद लिहायला घेतली आणि मला वाचायला दिली. इंग्रजी मला मनाने लिहिता येत नाही, बघून उतरवता येतं, वाचता बरंच येतं, तीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्यावर येतंच. माशी कुठे सापडली त्या जागी लिहिलं होतं, "मुंबई उपनगरातील खडकाळ उतारावरचे झुडपी माळरान". मी ते दोनदा वाचलं. आमच्या संडासासमोर झुडूप म्हणजे एक एरंड, आणि माळरान कुठलं ते मला माहीत नाही.

"सर, हे काय आहे?"

"अहो, संडास कसा लिहायचा मावशी? लोक काय म्हणतील?"

"माशीला चाललं. लोकांना काय होतंय?"

"भाषेचा प्रश्न आहे."

"पत्त्याचा प्रश्न आहे," मी म्हटलं. आणि मग मी बोलत सुटले. म्हटलं, त्या मुलाच्या भुंग्याला तुम्ही महाबळेश्वरला जाऊ दिलं नाहीत, मग माझ्या माशीला माळरानावर का पाठवता? तिथे शंभर बायका रोज रांगेत उभ्या राहतात. ती भिंत आहे म्हणून माशी आहे, आणि आम्ही तिथे उभ्या राहतो म्हणून ती कुणाला तरी दिसली. तुम्हाला लाज वाटते ती आमची वाटते. हे शेवटचं मी बोलायला नको होतं. सरांनी पेन काढलं, खोडलं आणि लिहिलं: सार्वजनिक शौचालयासमोरची दगडमातीची भिंत. खाली संकलक म्हणून माझं नाव. मी जिंकले होते, आणि आठवडाभर ते माझ्या चालण्यात दिसत असणार.

नोंदीचा मसुदा सरांच्या हाताखालच्या एका मुलीने वाचला. एम. एस्सी. करणारी, अंधेरीची, अतिशय हुशार, निसर्गप्रेमींच्या ग्रुपमध्ये. तिला भिंत बघायची होती. मी एका शनिवारी तिला घेऊन गेले. तिने भिंतीसमोर तासभर उकिडवं बसून फोटो काढले, आणि खरं सांगते, तिचे डोळे भरून आले. एक हिरवी माशी तिलाही दिसली. मला तेव्हा ती मुलगी फार आवडली. इतक्या वर्षांत त्या भिंतीकडे माझ्यासारखं बघणारं दुसरं माणूस आलं होतं.

घरी आईने तिला चहा दिला. मुलगी म्हणाली, "मावशी, हे कसलं भारी आहे माहितीये का तुम्हाला? ही भिंत वाचवायला पाहिजे."

"भिंत पडणार आहे बाळा," मी म्हटलं. "नवीन संडास मंजूर झालाय. पुढच्या महिन्यात काम सुरू."

"तेच तर थांबवायचं. नोंद छापून आली की आमचा ग्रुप अर्ज करेल. दुर्मिळ जात, नेमकी जागा, सगळं लेखी. एकदा स्टे मिळाला ना की मग..."

"मग काय?"

"मग दुसरीकडे बांधायला सांगू. दहा फूट इकडे, दहा फूट तिकडे."

मी तिला समजावलं. दहा फूट इकडे लोकांची घरं आहेत आणि दहा फूट तिकडे टेकडी आहे. भिंतीच्या जागी मैल्याची टाकी यायची आहे आणि तिच्यामागे काँक्रीटचा बांध. जागा बदलली की नकाशा नवा, मंजुरी नवी, पुन्हा चार पावसाळे. ती ऐकत होती, पण ज्याचं मन ठरलेलं असतं तो ऐकतो तशी. म्हणाली, "मावशी, संडास काय, कुठेही बांधता येतो. ही माशी दुसरीकडे नाहीये."

ती चुकीचं बोलत नव्हती, हाच त्रास होता.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती मुलीला म्हणाली, "बाई, तुझी आय कुठं जाती?"

"म्हणजे?"

"संडासाला. कुठं जाती?"

"घरात," मुलगी म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. पण मत बदललं नाही. लाजून मत बदलणारी ती नव्हती, आणि त्याबद्दलही मला तिचं कौतुकच वाटलं.

मी कंत्राटदाराला जाऊन भेटले. भिंतीचा एक तुकडा राहील का म्हणून विचारलं. तो म्हणाला, ताई, टाकीत राहील. मी त्या मुलीला पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, फक्त नोंद छापून येऊ दे, त्याशिवाय आमच्या अर्जाला कोणी विचारणार नाही. हे तिने मला मोकळेपणाने सांगितलं, कारण आम्ही दोघी एकाच बाजूला आहोत असं ती धरून चालली होती. त्या रविवारी आई संडासातून बाहेर आली तेव्हा तिचा तळहात फाटला होता. सळई आणखी गंजली होती. तिने हात पदरात लपवला.

सोमवारी मी सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"सर, ती नोंद अजून पाठवली नाही ना?"

"उद्या पाठवतोय."

"त्यात तुमचं ते लिहा. खडकाळ उतार. झुडपी माळरान."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं ते सुटल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, तुम्ही मला हे सांगताय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं पडणं, सळई, टाकी, मुलगी. सरांना तीस वर्षांत मी माझ्या घरातलं काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, जागा नुसती मुंबई उपनगर म्हणून सोडू या का, म्हणजे खोटं होणार नाही. मी म्हटलं, तिला भिंत माहीत आहे सर, मोघम ठेवलं तर ती भिंतीचं नाव घालेल. दुसरीच जागा लिहिली पाहिजे. मग ते म्हणाले, बरं. आणि संकलक?

"माझं नाव काढा," मी म्हटलं. "खोट्या पत्त्याखाली माझं नाव नको."

"मग कुणाचं लिहू?"

"तुमचं लिहा."

"मला तरी का?" सर म्हणाले. थोडा वेळ आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो, दोन चोरांसारखे. शेवटी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. आता मला कळतं की त्या माणसाने त्या दिवशी माझ्यासाठी त्याच्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट केली, आणि पुन्हा कधी तिचा उल्लेख केला नाही. मी पेटी उघडली, टाचणीवरची चिठ्ठी काढली, नवी लिहिली, जुनी फाडली. जुनी चिठ्ठी कधी फाडायची नसते. हे मीच शेकडो पोरांना शिकवलं आहे.

नोंद छापून आली. मुलगी प्रयोगशाळेत आली, हातात फोन. तिने काही आरडाओरड केली नाही.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"तुम्ही मावशी?"

"हो."

मला वाटलं काहीतरी लागेलसं बोलेल, म्हणजे मला उलट बोलता येईल. ती फक्त म्हणाली, "मी तुमच्याकडून चिठ्ठी लिहायला शिकले होते." आणि गेली. पुढे ती पास झाली, परगावी गेली. पेढे सरांना दिले, मला दिले नाहीत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

भिंत एका सकाळी दोन तासांत पाडली. मी रजा घेऊन तिथे उभी होते. का, ते मला सांगता येणार नाही. माती खाली आली तेव्हा तिच्यात मातीच्या छोट्या कुप्या होत्या, काही फुटलेल्या, काही अख्ख्या. मी ओढणीत काही गोळा केल्या आणि घरी खिडकीत ठेवल्या. त्यांतून काहीच निघालं नाही. पुढचे दोन दिवस ऊन चढलं की माश्या यायच्या आणि जिथे भिंत होती तिथे हवेत, बरोबर त्याच उंचीवर, थांबून राहायच्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी चूक केली असं वाटत नाही, तरी वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही. त्या जातीची आपल्या बाजूची एकमेव नोंद एका माळरानावरची आहे. तिथे उद्या कुणी शोधायला जाईल तर उन्हात फिरून परत येईल.

शौचालय व्हायला पाच महिने लागले. पहिल्या दिवशी आईने आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मी बाहेर उभी होते. ती आतून म्हणाली, "तू जा गं घरी. काय राखण करतीस?" मी घरी आले. काय करावं कळेना, म्हणून भांडी घासली.

दोन दिवसांनी सकाळी मी कामावर निघत होते. आई ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. एक तांब्या संपवला आणि दुसरा भरून घेतला. मी म्हटलं, "बरं आहे ना? एवढं पाणी?"

"आता पियाला काय हरकत हाय?" ती म्हणाली.

"म्हणजे आधी पीत नव्हतीस?"

"सकाळच्याला न्हाय. दुपारी घोटभर. किती येळा वर जायचं? आन् किती येळा दार धराया लावायचं माणसाला?"

"कधीपासून?"

"गुडघं गेल्यापासनं."

म्हणजे सात वर्षं. लघवीला जळजळते म्हणून मी तिला चारदा डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर पाणी प्या म्हणायचे, ती हो म्हणायची, आणि मी घरी येऊन हंडा भरलेला आहे ना तेवढं बघायचे. मी पिशवी खाली ठेवली. मला तिचा राग आला, आणि तिच्याहून जास्त माझा.

"सांगितलं का नाहीस?"

तिने मांडणीवरचा दुसरा पेला काढला, भरला आणि माझ्यापुढे सरकवला.

"पी," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिशी तूबी पीत न्हाईस. मला काय दिसत न्हाय व्हय?"

मी उभ्याउभ्या पेला संपवला. तिने तो पुन्हा भरला.